जगन्नाथ सम्राट आणि अरबी विद्येचे ऋण

चैत्र शुद्ध प्रतिपदेस देवळात पंचांगश्रवण व्हावे, कडुनिंबाचा प्रसाद घ्यावा आणि नव्या वर्षाचे फल ऐकून घरी परतावे, हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. वैनगंगेकाठच्या आमच्या बालाघाटात मराठी पंचांग नागपुराकडून येते, हिंदी पंचांग जबलपुराकडून; आणि दोन्ही एकाच देवळात येत असल्यामुळे क्वचित् तिथीच्या समाप्तिकालात काही घटकांचे अंतर पडते. एका वर्षी असेच अंतर एकादशीच्या वेळी पडले आणि उपवास कोणत्या दिवशी धरावा याविषयी सभामंडपात वाद झाला. आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या ग्रहगतीशी जुळणारे गणित घ्यावे असे मी म्हणताच एक वयोवृद्ध गृहस्थ उद्गारले, “वकीलसाहेब, यवनांच्या नि साहेबलोकांच्या गणितावर देवाचे उपवास ठरवायचे काय? आपले शास्त्र आपल्याला पुरेसे आहे.”

प्रश्न प्रामाणिक होता. तेव्हा त्याचे उत्तरही पुराव्यानिशीच दिले पाहिजे. आपले शास्त्र कोणाचे, यवनांचे कोणाचे, आणि या दोहोंमध्ये काही देवघेव झाली की नाही, हा मूलतः इतिहासाचा प्रश्न आहे. त्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार एक महाराष्ट्रीय ब्राह्मण आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते.

आरंभ आपल्याच घरातून करू. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, ७७१ ते ७७३ च्या दरम्यान, सिंधमधून बगदादच्या खलिफा अल्-मन्सूर याच्या दरबारी गेलेल्या मंडळींबरोबर भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ तेथे पोहोचले. त्यांच्या आधारे अरबी भाषेत ‘सिंदहिंद’ नावाची कोष्टके तयार झाली. सिंदहिंद हे ‘सिद्धान्त’ या शब्दाचेच अरबी रूप होय. पुढे नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मी याने हिंदी अंकांनी गणित कसे करावे यावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच ग्रंथाच्या लॅटिन भाषांतराने शून्यासह आपली अंकपद्धती युरोपात नेली. त्रिकोणमितीतील आपल्या ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ या शब्दाचा प्रवास तर मोठा मनोरंजक आहे. अरबांनी तो जसाच्या तसा उचलला; परंतु त्यांच्या लिपीत स्वर गाळले जात असल्याने पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, खिसा. लॅटिन भाषांतरकारांनी त्या घडीचेच भाषांतर ‘सायनस’ असे केले, आणि आज आपली मुले शाळेत ‘साइन’ म्हणून जे शिकतात ती आपलीच ज्या होय.

आमच्या मध्य प्रदेशातील उज्जयिनीचीही अशीच कथा आहे. आपले प्राचीन ज्योतिषी उज्जयिनीवरून जाणारी रेषा ही मध्यरेषा मानीत. अरब भूगोलकारांनीही ती स्वीकारली. उज्जैनचे ‘उझैन’ झाले, लिहिता लिहिता एक नुक्ता गळाला आणि ‘अरीन’ झाले. कित्येक शतके अरब व त्यांच्यामागून युरोपीय पंडित पृथ्वीच्या मध्यावरील ‘अरीनच्या घुमटा’पासून रेखांश मोजीत राहिले, तो घुमट म्हणजे महाकालाची नगरी, हे मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल.

येथवरची हकीकत ऐकावयास आपणास गोड वाटते. परंतु अरबांनी आपले घेतले एवढेच सांगून थांबणारा मनुष्य अर्धीच साक्ष देतो. त्यांनी घेतले आणि त्यात भर घातली. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल्-हैथम याने कैरोमध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, तर वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपण पाहतो. नासिरुद्दीन तुसी याने १२५९ मध्ये मराघा येथे वेधशाळा उभारली. आदल्याच वर्षी ज्या हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केले होते, त्याच्याच आश्रयाने ती उभी राहिली, हा इतिहासाचा चमत्कार होय. दोन वर्तुळाकार गतींच्या योगाने सरळ रेषेतील गती साधण्याची जी युक्ती तुसीने शोधली, तीच पुढे कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथात आढळते. समरकंदचा राजा उलुगबेग स्वतः ज्योतिषी होता. पंधराव्या शतकात त्याच्या वेधशाळेत एक हजारावर ताऱ्यांची स्थाने नव्याने मोजून नोंदविली गेली.

या ठिकाणी वाचकांच्या मनात एक आक्षेप उभा राहील, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या गझनीच्या महमुदाने १०२६ मध्ये सोमनाथ फोडले, त्याच्याच राज्यातील विद्येचे गोडवे आपण काय म्हणून गावे? याला उत्तर महमुदाच्याच आश्रयास असलेल्या अल्-बिरूनीने देऊन ठेवले आहे. त्याने संस्कृत शिकून १०३० च्या सुमारास भारताविषयी मोठा ग्रंथ लिहिला. महमुदाने या देशाची भरभराट धुळीस मिळविली आणि त्यामुळे हिंदूंच्या विद्या जिंकलेल्या प्रांतांतून दूर काश्मीर, काशी अशा ठिकाणी निघून गेल्या, असे त्याने त्यात स्पष्ट नमूद केले आहे. धन्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट जो साक्षीदार सांगतो, त्याच्या शब्दाला न्यायालयात अधिक वजन असते. त्याच बिरूनीने आपल्या पंडितांवरही ठपका ठेवला आहे. आमच्यासारखा देश नाही, आमच्यासारखे शास्त्र नाही, असे हे लोक समजतात. यांचे पूर्वज मात्र इतके संकुचित नव्हते, असे तो म्हणतो. आणि पुरावा म्हणून तो वराहमिहिराचे वचन पुढे करतो. यवन म्लेच्छ असले तरी त्यांच्या ठायी हे शास्त्र उत्तम प्रकारे प्रतिष्ठित आहे, म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूज्य होत, असा त्या वचनाचा आशय आहे. वराहमिहिराचे यवन म्हणजे ग्रीक. सोमनाथाचा घाव आणि बिरूनीची विद्या या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

आता परतीचा प्रवास पाहू. १३७० मध्ये महेंद्रसूरी या जैन पंडिताने फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने ‘यंत्रराज’ हा ग्रंथ संस्कृतात रचला. ज्या अस्तुरलाब यंत्राने ताऱ्यांची उंची, वेळ व दिशा काढीत, त्याचे वर्णन त्यात आहे, आणि त्याला ‘यंत्रांचा राजा’ ही पदवी देताना सूरींना संकोच वाटला नाही. दक्षिणेत फिरोजशहा बहमनीने १४०७ च्या सुमारास दौलताबादेजवळ वेधशाळा बांधावयास घेतली. परंतु ते काम ज्याच्याकडे होते तो हकीम हसन गिलानी मरण पावल्याने ते अपुरेच राहिले. गोदातीरीच्या गोलग्रामातून काशीस गेलेल्या घराण्यातील कमलाकराने १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. सूर्यसिद्धान्तावर त्याची कडकडीत निष्ठा. तरीही यवन ज्योतिषातील कितीतरी गोष्टी त्याने आपल्या ग्रंथात सामावून घेतल्या.

या परंपरेचा कळस म्हणजे जगन्नाथ सम्राट. जयपूरचा सवाई जयसिंह हा अश्वमेध करणारा राजा. त्याचे गुरू जगन्नाथ हे महाराष्ट्रीय वेदसंपन्न ब्राह्मण. राजाच्या इच्छेवरून त्यांनी अरबी व फारसी या भाषा आत्मसात केल्या आणि १७१८ च्या सुमारास तुसीच्या अरबी संस्करणावरून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. तिचे १५ अध्याय व ४७८ प्रमेये आहेत. पुढे १७३२ च्या सुमारास त्यांनी टॉलेमीचा ‘मिजास्ती’ हा ज्योतिषग्रंथही अरबीतून संस्कृतात उतरविला, तोच ‘सिद्धान्तसम्राट’.

या दोन ग्रंथांच्या आरंभीचे श्लोक शेजारी शेजारी ठेवून वाचावे. रेखागणिताच्या आरंभी जगन्नाथ सांगतात की, हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितले, परंपरेने ते पृथ्वीवर आले, मध्यंतरी विच्छिन्न झाले, आणि आता जयसिंहाच्या आज्ञेने आपण ते पुन्हा प्रकाशात आणीत आहो. या श्लोकांत युक्लिड नाही, तुसी नाही, अरबी भाषाही नाही. मिजास्तीच्या वेळी मात्र तेच जगन्नाथ सरळ सांगतात की, अरबी भाषेत मिजास्ती नावाचा ग्रंथ आहे, आणि गणकांना सुबोध व्हावा म्हणून तो आपण देवभाषेत प्रकट केला आहे.

एकाच साक्षीदाराच्या या दोन जबान्या. पहिलीत मला लबाडी दिसत नाही. परकी विद्या आपल्या समाजात नांदावी म्हणून तिला कुलदैवताच्या पायावर घालण्याची आपल्याकडे रीतच आहे. नव्या सुनेचे नाव बदलावे तसे ते. परंतु सुनेचे माहेर कायमचे पुसून टाकले, म्हणजे माहेरचा रस्ताही बंद होतो. तेथे आणखी काय शिकण्यासारखे आहे हे पाहण्यास मग कोणी जात नाही. दुसऱ्या जबानीत ऋण नोंदलेले आहे, आणि नोंदलेले ऋण हेच देवघेव चालू असल्याचे लक्षण होय. माझ्या मते जगन्नाथांचे मोठेपण या दुसऱ्या श्लोकात आहे.

जयसिंहाचीही वृत्ती तीच होती. दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, मथुरा व काशी येथे त्याने वेधशाळा उभारल्या. उलुगबेगाची कोष्टके, मोगल दरबारच्या मुल्लांची कोष्टके, हिंदू ग्रंथ आणि युरोपीय कोष्टके या सर्वांचे गणित आकाशाशी जुळत नाही, असे त्याने आपल्या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिले. गोव्याच्या मार्गाने त्याने पोर्तुगालला माणसे पाठवून ल हिर या फ्रेंच ज्योतिष्याची कोष्टके आणविली, आणि त्यांतही चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक काढून दाखविली. कोणाचा ग्रंथ, हा त्याचा प्रश्न नव्हता. आकाशाशी जुळतो का, हा होता. आपल्या कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचताना हेच केले होते. कोणत्या ग्रहाचे गणित कोणत्या जुन्या ग्रंथाने अनुभवास येते हे पाहून त्यांनी निवड केली होती.

मग ही गंगा आटली का? येथे मुसलमानी जगाचा व आपला इतिहास विलक्षण सारखा आहे. उलुगबेग १४४९ मध्ये स्वतःच्या मुलाच्या कारस्थानाने मारला गेला आणि त्याची वेधशाळा मातीखाली गेली. तिचे अवशेष १९०८ मध्ये सापडले. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीनची वेधशाळा १५७७ मध्ये उभी राहिली आणि १५८० मध्ये सुलतानाच्या हुकमाने पाडली गेली. त्याच वर्षांत डेन्मार्कमध्ये टायको ब्राहे आपले वेध घेत होता. जयसिंह १७४३ मध्ये वारला आणि त्याच्या यंत्रांवर गवत उगवले. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. तरी जगन्नाथांचे रेखागणित सुमारे १८० वर्षे हस्तलिखितांतच राहिले आणि मुंबईत १९०१-०२ मध्ये प्रथम छापले गेले. तोवर आपली मुले इंग्रजी पुस्तकांतून तीच प्रमेये शिकू लागली होती! बुद्धी दोन्हीकडे होती, धर्मनिष्ठाही होती. नव्हती ती एका राजाच्या आयुष्यापलीकडे टिकणारी संस्था, आणि ज्ञान सर्वांच्या हाती देणारी व्यवस्था.

आजच्या काळातही हाच धडा मिळतो. पाकिस्तानचे अब्दुस सलाम यांना १९७९ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी १९७४ मध्ये त्यांच्या अहमदिया पंथास तेथील राज्यघटनेने मुसलमान समाजाबाहेर काढले होते. पुढे त्यांच्या थडग्यावरील ‘मुस्लिम’ हा शब्दही खोडण्यात आला. इजिप्तचे अहमद झेवैल (१९९९) व तुर्कस्तानचे अझीझ संजार (२०१५) यांना रसायनशास्त्राची नोबेल पारितोषिके मिळाली, ती अमेरिकेत केलेल्या कामाबद्दल. जो समाज आपल्याच ज्ञानी पुरुषास परका ठरवितो, त्याच्या हाती वारसा उरतो, वारस उरत नाही. हे वाक्य शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यासाठी मी लिहिलेले नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून नव्या वेधांशी जुळणारे पंचांग सुरू केले, तेव्हा आपणही त्यास किती वर्षे सोवळ्याबाहेर ठेवले, हे आठवले म्हणजे पुरे.

सभामंडपातील त्या वृद्ध गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, “काका, आपण ज्याला आपले शास्त्र म्हणता, त्याच्या आचार्यांनी कोणालाही दाराबाहेर उभे केले नव्हते. त्यांनी ग्रह पाहिला, ग्रंथकाराची जात पाहिली नाही.” ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री आरती झाल्यावर आम्ही दोघे अंगणात उभे राहून बराच वेळ चंद्राकडे पाहत होतो. देवऋण आपण पूजेने फेडतो, पितृऋण श्राद्धाने. ऋषिऋण मात्र अध्ययनाने फेडावयाचे असते; आणि वराहमिहिराचा निवाडा मान्य असेल, तर त्या ऋषींच्या मालिकेत बगदाद, मराघा व समरकंद येथील नावेही लिहावी लागतील.