बंदिस्त गादी, फाटलेली गादी आणि लेझर

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर किरण मिळवला. कण्यातील गादीपर्यंत पोहोचायला लेझरला आणखी सव्वीस वर्षे लागली. फेब्रुवारी १९८६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे डॅनियल चॉय आणि पीटर आशर यांनी सुईवाटे एका रुग्णाच्या दोन मणक्यांमधील गादीत प्रकाशतंतू नेला आणि तिच्या गाभ्याचा अल्पसा भाग वाफ करून नाहीसा केला.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. गादी म्हणजे चिवट तंतुमय वलयात कोंडलेला पाणीदार गाभा. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे बंदिस्त जागेत घनफळ किंचित बदलले तरी दाब पुष्कळ बदलतो. गादीत केवळ एक मिलिलिटर द्रव अधिक भरल्यास दाब ३१२ किलोपास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तिप्पट, वाढू शकतो, असे चॉय यांना आढळले. उलट दिशेने थोडा गाभा घटवला की फुगवटा ओसरावा आणि चेपलेली नस मोकळी व्हावी, ही कल्पना. कल्पना देखणी खरी. परंतु ती ‘बंदिस्त’ या एका शब्दावर उभी आहे.

वलय फाटून गाभ्याचा तुकडा मज्जारज्जूच्या नलिकेत सुटला असेल, तर आतला दाब घटवून तो माघारी येत नाही. असे तुकडे शस्त्रक्रियेने काढता येतात, हे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्येच दाखवले होते. हाडांच्या वाढीने नलिका अरुंद झाली असेल, मणकाच पुढे सरकला असेल किंवा गादी सुकून चपटी झाली असेल, तरीही लेझरला करण्याजोगे फारसे उरत नाही. पाठदुखीबरोबर लघवी अडणे किंवा जांघेत बधिरता येणे ही तर तातडीच्या शस्त्रक्रियेची लक्षणे. तेथे लेझरच्या प्रयोगात दिवस घालवणे घातक ठरते.

योग्य रुग्ण निवडूनही यश मर्यादितच राहिले. नेदरलँड्समधील ११५ रुग्णांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेर दोन्ही गटांची अवस्था साधारण सारखी होती. मात्र आधी लेझर घेतलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. जाहिरातींत हा आकडा सहसा नसतो.

भारतात आणखी एक शक्यता आधी तपासावी लागते. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण येथे आहेत आणि हाडांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा कण्यात होतो. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णिलेला हा आजार प्रारंभी साध्या पाठदुखीसारखाच भासतो. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारी वेदना या खुणा नंतर ध्यानात येतात. तेथे दुखण्याचे मूळ दाबात नसून जंतूंमध्ये असते. अशा संसर्गग्रस्त गादीत लेझरची सुई घालणे वर्ज्यच. त्यावर उपाय म्हणजे कित्येक महिने नेमाने घ्यायची क्षयाची औषधे.