पूल नेमका कधी पडतो?

महाडजवळचा सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात तो कोसळला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. पूल त्या रात्री पडला, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. सांध्यांतला चुना झिजतो, फटीत पिंपळ रुजतो. यातलं पडण्याचं वर्ष कोणतं? ढिगातला एकेक दाणा काढत गेलं तर ढीग कधी संपतो, हा ग्रीकांचा प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं गंमत म्हणून शिकवला. (पोरं हसायची, मीही हसायचो.) त्याच मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती, वाहतुकीला योग्य असा निर्वाळाही मिळाला होता. पुढे वर्षाच्या आत, जून २०१७मध्ये, तिथे नवा पूल खुला झाला. म्हणजे पैसा होता, इंजिनिअरही होते.