जुन्या गाडीचा हीटर कोअर घरी बदलताय? आधी हे वाचा

जुन्या गाडीत पुढच्या सीटखालची मॅट ओली होते, काचेवर चिकट धूसर थर बसतो, गोडसर वास येतो आणि कूलंट सारखं कमी होतं? मग हीटर कोअर गळतोय असं समजा. हा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. एसीचं पाणी साधं असतं, कूलंट रंगीत व चिकट.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर भाजतं. बॅटरीची मायनस वायर काढा, कूलंट बादलीत काढा, कोअरचे दोन्ही पाईप सोडवा. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून प्रत्येक स्क्रूचा मोबाईलवर फोटो काढत जा. एअरबॅग असेल किंवा एसीचे पाईप सोडवायची वेळ आली, तर मेकॅनिककडेच जा.

कोअर बसवल्यावर नव्या क्लिपा लावा, कूलंट भरा, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवा. अडकलेली हवा निघाली की लेव्हल खाली जाते. इंजिन गार झाल्यावर पुन्हा भरा.

सगळ्यात महत्त्वाचं, काढलेलं कूलंट अंगणात ठेवू नका. चवीला गोड, पण जहर आहे. कुत्रं किंवा वासरू चाटलं तर जीव जाऊ शकतो. झाकणाच्या कॅनमध्ये भरून पोरांपासूनही लांब ठेवा.