चढा, बर्ड्सव्हिलची टपालगाडी निघतेय

घड्याळ काढून ठेवा. मोबाइल तर त्याच्याही आधी. १९५० च्या आसपासच्या एका डिसेंबरात तो तुमच्या खिशातून निघाला, तर लोकांना काय सांगणार आहात? रुंद काठाची टोपी मात्र घ्या. आणि आतापासूनच ओठ मिटून बोलायची सवय करा. मोकळेपणी तोंड उघडलंत की माशी आत गेलीच म्हणून समजा.

टेकले पाय? हे मारी. दक्षिण ऑस्ट्रेलियात, वाळवंटाच्या उंबऱ्यावर, रेल्वेच्या रुळांनी मधोमध चिरलेलं गाव. इंजिनाचा कोळशाचा धूर, शेणामुताचा दर्प आणि तापलेल्या पत्र्याचा कोरडा वास, तिन्ही एकदम नाकात शिरतात. उत्तरेकडून आठवडेच्या आठवडे चालवत आणलेली गुरं कोंडवाड्यात दाटीवाटीने उभी आहेत. आगगाडीत कोंबायच्या आधी पोटभर हंबरून घेतायत. रुळांच्या एका अंगाला गोऱ्यांची वस्ती, हॉटेल, दुकान. दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या झोपड्या, शेळ्या आणि अचानक डोळ्यांना गारवा देणारी खजुराची झाडं. या भूमीचे मूळ मालक, आदिवासी, त्यांची पालं तर आणखी पलीकडे. चालत फिरायला दहा मिनिटं लागणार नाहीत असं गाव, पण कोणी कुठे राहायचं ते पक्कं ठरलेलं. हे बघून घ्या, नजर चोरू नका.

खजुराच्या सावलीत पागोटं बांधलेला म्हातारा बसलाय ना, त्याला आधी सलाम करा. तोडकंमोडकं हिंदुस्थानी बोलून पाहा, कदाचित चेहरा उजळेल. १८६६ साली उंटांचा पहिला मोठा तांडा कराचीहून जहाजाने या देशात आला आणि त्यांच्यासोबत त्यांना सांभाळणारे उंटवालेही. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात. नंतर बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी असे कितीतरी आले. इथे सगळ्यांवर ‘अफगाण’ हा एकच शिक्का बसला. याच मारीत म्हातारपण काढणारा बेजा दरवेश १८९६ च्या काल्व्हर्ट मोहिमेत उंट घेऊन पश्चिमेकडचं भयंकर वाळवंट पार करून आला होता. तुम्ही आज ज्या वाटेने जाणार, ती ट्रक येण्याआधी या लोकांनी उंटांच्या पाठीवर जागती ठेवली होती.

आता ट्रककडे चला. हा लेलँड बॅजर. पिठाची पोती, साखर, बटाटे, रॉकेलची आणि पेट्रोलची पिंपं, पवनचक्कीचे सुटे भाग, औषधांची खोकी, बिअरच्या पेट्या. सगळ्यांच्या वर शिक्कामोर्तब केलेल्या टपालाच्या थैल्या. दोरखंड आवळणारा तो शांत, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस म्हणजे टॉम क्रूझ. नाव ऐकून दचकू नका, त्या नावाचा नट जन्माला यायला अजून अवकाश आहे. हा टॉम १९३६ पासून या वाटेवर आहे. पंधरवड्यातून एकदा मारीहून बर्ड्सव्हिल, ५१७ किलोमीटर, आणि मधे गाव म्हणावं असं काही नाही. आहेत ते गुराढोरांचे मळे, एकेक आपल्या तालुक्याहून मोठा, आणि त्यावर मोजकी माणसं.

केबिनमध्ये जागा बर्ड्सव्हिलच्या इस्पितळात रुजू व्हायला निघालेल्या नर्सबाईंना. तुम्ही, सुट्टी संपवून परतणारा एक गुराखी आणि टॉमचा आदिवासी मदतनीस, तिघं मागे पिठाच्या पोत्यांवर. तिकीट कोणी मागणार नाही. भाडं तुम्ही दंडांनी फेडणार आहात, ते कळेलच.

पहिले काही तास मजेत जातात. पुढे बांधलेल्या कॅनव्हासच्या छागळीतून पाणी पाझरतं, वारा लागून गार होतं. तागाचा वास लागलेलं ते पाणी घशाखाली उतरतं तेव्हा डोळे आपोआप मिटतात. मग ऊन चढतं. पारा ४५ अंशांकडे सरकतो. घाम येतो म्हणेपर्यंत वाळून जातो, कपाळावर मीठ उरतं. ताडपत्रीला हात लागला की चटका, पिंपाला पाठ टेकली की चटका. लाल धुरळा कानांत, नाकात, पापण्यांच्या मुळाशी. दातांखाली कचकच. आणि माश्या! डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या ओलाव्यासाठी जिवावर उदार झालेल्या. पहिल्या तासाला तुम्ही त्यांना हाकलता; तिसऱ्या तासाला त्या बसतात आणि तुम्ही बसू देता. गुराखी हसतो, म्हणतो, ‘‘आता तू इथला झालास, मेट.’’

एटाडनाच्या मळ्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी ट्रक थांबतो आणि तुमचा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. समोर पाणी. मृगजळ नव्हे, ते सकाळपासून पुष्कळ बघितलंत. हे खरं पाणी, तपकिरी, संथ, पैलतीर कुठल्या कुठे. कूपर नदी आलीय. आभाळात ढगाचं बोट नाही, इथे कित्येक महिन्यांत थेंब पडलेला नाही. पण दूर क्वीन्सलँडमध्ये पडलेला पाऊस सपाट भुईवरून पसरत, मुरत, उरत इथपर्यंत चालत आलाय आणि रस्त्यावर ठाण मांडून बसलाय. वर्षानुवर्षं कोरडी असणारी ही नदी एकदा आली की हलता हलत नाही. पाण्यावर पाणकोळी तरंगतायत. समुद्र इतका लांब असताना यांना इथलं पाणी कळलं कसं, असं मनात येतंच. मदतनिसाला विचारा. तो नुसता पाण्याकडे बघून मान हलवतो. त्याच्या दियारी लोकांनी पूर येता-जाताना पिढ्यान्‌पिढ्या पाहिलाय, त्यात त्याला नवल नाही.

यावर तोड एकच. ट्रक ऐलतीरी ठेवायचा, माल सपाट बुडाच्या नावेत चढवायचा, पलीकडे दुसऱ्या ट्रकवर रचायचा. म्हणजे तुम्ही सकाळी जे जे चढताना बघितलंत, ते ते आता तुमच्या खांद्यावरून उतरणार. पिठाचं पोतं पहिल्यांदा पाठीवर घेता तेव्हा गुडघे लटपटतात. चिखल घोट्यापर्यंत, पण गार, इतका गार की पाय काढवत नाही. पिंप आडवं करून फळीवरून ढकलायचं, नर्सबाई पदर खोचावा तशा बाह्या सारून औषधांची खोकी एका माणसाकडून दुसऱ्याकडे देतायत, टपालाच्या थैल्या मात्र सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात उंच, पाण्याचा शिंतोडा लागू न देता. नाव निघते. मोटरचा फटफट आवाज, आणि पहिल्यांदाच माश्यांवाचून वारा. हे तुमचे दिवसातले सर्वांत सुखाचे क्षण. पैलतीरी पोचलात की तेच सगळं उलट क्रमाने.

रात्री जाळ पेटतो. मदतनीस पीठ, मीठ, पाणी मळून गोळा करतो आणि निखारे बाजूला सारून तो सरळ राखेत पुरतो. याला डॅम्पर म्हणतात. आपल्याकडे गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात ना, तसाच राखेचा खमंग वास सुटतो. काळं कवच काठीने ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला की झाला. सोबत खारवलेलं गोमांस. खात नसाल तर डॅम्परवर काकवी ओता, कोणी काही म्हणणार नाही. चहा डब्यात उकळतो. पत्ती मूठभर, मोजमाप नाही. मग टॉमचा मदतनीस तारेच्या कडीने तो उकळता डबा धरतो आणि हात ताठ ठेवून खांद्यापासून गोल फिरवतो, डोक्यावरून एक, दोन, तीन फेरे. थेंब सांडत नाही. पत्ती तळाला बसते. तुम्हाला करून बघायचंय? उद्या, रिकाम्या डब्यावर.

वळकटी पसरा, बूट मात्र पालथे घालून ठेवा, विंचू आत शिरायला नको. भुई अजून दिवसाची ऊब धरून आहे, पाठीला शेक बसतो. मध्यरात्री जाग आली तर वर बघा. मृग नक्षत्र उलटं टांगलंय, व्याध त्याच्या डोक्यावर चढून बसलाय. घरून दक्षिणेच्या क्षितिजाशी रेंगाळताना दिसणारा अगस्ती इथे थेट आभाळाच्या माथ्याकडे. आपण किती लांब आलोय, हे ५१७ किलोमीटरच्या आकड्याने कळलं नव्हतं, ते या उलट्या मृगाने कळतं.

दुसऱ्या दिवशी नॅटरानीची टेकाडं. वाळूची, लालभडक, एकामागून एक. टॉम लांबून वेग घेतो, इंजिन ओरडतं, ट्रक अर्ध्यावर चढतो आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरत आसापर्यंत रुततात. सगळे उतरतात, कोणी हळहळत नाही. ट्रकच्या बाजूला बांधलेल्या लांब, जड लोखंडी पट्ट्या खाली येतात. त्या उघड्या हातांनी धरू नका! गोणपाटाचा तुकडा घ्या, लोखंड भाजतंय. चाकापुढची वाळू फावड्याने उपसा, पट्टी चाकाखाली सारा, बाजूला व्हा. ट्रक दोन लांबींइतका सरकतो, पट्टीवरून उतरतो, पुन्हा रुततो. मागे राहिलेली पट्टी उचला, पळत पुढे आणा, सारा. वाळूत पळणं म्हणजे काय हे तुमच्या पोटऱ्यांना आता कायमचं कळलंय. घामाने पट्टी निसटते, बोटांची सालं निघतात, श्वास फासळ्यांत अडकतो. गुराखी एक टोक धरतो, तुम्ही दुसरं. काही फेऱ्यांनंतर एकमेकांना ‘उचल’ म्हणावंसुद्धा लागत नाही. पाव्हणा, मालक, नोकर ही भानगड या टेकाडावर टिकत नाही, आणि मला या सगळ्या वाटेवरची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मारीच्या रुळांनी जी माणसं वेगळी ठेवली होती, ती इथे एकाच पट्टीची दोन टोकं धरून पळतायत. थोड्याच वर्षांत जॉन हेअर हा दिग्दर्शक टॉमच्या या फेऱ्यांवर चित्रपट काढेल, १९५४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो मोठं पारितोषिक पटकावेल, आणि जगभरचे लोक अंधाऱ्या थिएटरात बसून या पट्ट्या बघतील. त्यांचा चटका मात्र तुम्ही खाल्लाय.

मल्का लवकर मागे पडतं. ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत कोरड्या जागांत याची गणना, वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत एवढा एका दुपारी पडतो.

मंगेरानीला मात्र रमा. वाऱ्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला की समजा, बोअर जवळ आलं. गुरांच्या तांड्यांना मजल-दरमजल पाणी मिळावं म्हणून सरकारने या वाटेवर खोल विहिरी पाडल्यात. भूगर्भात युगानुयुगं साठलेलं पाणी आपल्याच दाबाने वर येतं, वाफाळत, हात घालवणार नाही इतकं कढत. चरातून वाहत वाहत थोडं निवतं. तिथे कपड्यांसकट बसा. अंगावरून लाल गढूळ ओघळ सुटतात, आणि त्या वासाचं काहीएक वाटेनासं होतं. काठावर बोरूसारखं गवत, त्यात पक्ष्यांचा कलकलाट. मळ्यावरच्या बाई टपालाची थैली मांडीवर घेऊन बसल्यात. आधी सगळी पाकिटं नुसती चाळून घेतात, अक्षरं ओळखतात, मग एकच निवडतात आणि बाकीची एप्रनच्या खिशात. एका दिवशी सगळी वाचून टाकली तर पुढचे पंधरा दिवस काय करायचं? घरात रेडिओ खरखरतोय. उडत्या डॉक्टरांच्या यंत्रणेवर शेकडो किलोमीटरच्या परिसरातल्या बायका एकमेकींच्या पोरांचे ताप आणि कोंबड्यांची अंडी विचारतायत. टपालगाडी कुठवर आली, हेही. तुमची बातमी तुमच्याआधी पुढे पोचलीय.

मग स्टर्टचं दगडी वाळवंट. वाळू संपते, दगड सुरू होतात. क्षितिजापर्यंत दगडच, वाऱ्याने घासून गुळगुळीत केलेले, लालसर तपकिरी, उन्हात तुकतुकणारे. चाकांखाली अखंड खडखडाट, बोलायची सोय नाही. खालून वर ऊन, वरून खाली ऊन. टायर चिरतो. जॅक, पान्हा, ठिगळ, हवा भरायला आळीपाळीने हातपंप. चार्ल्स स्टर्ट १८४५ साली घोड्यांवरून इथे आला होता. त्या घोड्यांच्या खुरांचा विचार करत तुमची पंपाची पाळी संपते.

आणि एका संध्याकाळी कुत्री भुंकतात. बर्ड्सव्हिल! दगडी हॉटेल, इस्पितळ, थोडी घरं, आणि असतील नसतील तेवढी माणसं रस्त्यावर. पोरं ट्रकबरोबर धावतात. कोणी पिंप उतरवतंय, कोणी बिअरची पेटी हुंगून बघतंय. नर्सबाईंची ट्रंक तर चार जण एकदम उचलतात. नावं पुकारली जातात, आणि कसं कोण जाणे, थैली तुमच्याच हातात आली आहे. वाचा मोठ्याने, लाजू नका. उच्चार चुकला तरी ज्याचं त्याला कळतं. एक तरुण गुराखी शेवटपर्यंत उभा असतो. त्याच्या नावाचं काही निघत नाही. तुम्ही थैली उलटी करून झटकता. तळाच्या शिवणीत एक पोस्टकार्ड अडकलंय. त्याचंच.

तो ते वाचायला दिव्याकडे पळतो आणि तेवढ्यात मागून हाक येते. परतीचं टपाल भरायचंय, रिकामी पिंपं चढवायचीयत, आणि रेडिओवर आत्ताच कळलंय की कूपरचं पाणी आणखी चढलंय.