सावड आणि इर्जिक : मावळातील श्रमांच्या उसनवारीचा इतिहास

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे हे गाव आंदर मावळाच्या तोंडाशी वसले असून, येथील फाट्यावरून टाकव्याकडे जाणारा रस्ता आंद्रा नदीच्या खोऱ्यातील भातखाचरांत शिरतो. आंदर, नाणे आणि पवन या तिन्ही मावळांत खरिपाचे मुख्य पीक भात. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून 'राब' भाजायचा, म्हणजे रोपवाटिकेची जमीन जाळून तयार करायची, मृगाच्या सुमारास तीत बी टाकायचे आणि रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की चिखलणी करून ते खाचरात लावायचे, असा हा क्रम आहे. रोप जून झाले तर फुटवा कमी होतो, म्हणून लावणी रेंगाळू देता येत नाही आणि ऐन पावसात एका घरचे मनुष्यबळ तिला पुरत नाही. ही अडचण रोख पैशाविना सोडवणाऱ्या दोन रीती महाराष्ट्राच्या खेड्यांत रूढ होत्या आणि त्यांना सावड व इर्जिक अशी स्वतंत्र नावे होती.

सावड म्हणजे श्रमांची उसनवारी. आज चार घरची माणसे एकाच्या खाचरात उतरतात, उद्या तो आपल्या घरची तितकीच माणसे त्यांच्याकडे पाठवतो. ज्याच्या दावणीला एकच बैल आहे तो तशाच दुसऱ्या शेतकऱ्याशी सावड करून जोडी पुरी करतो. काही भागांत हिलाच पैरा किंवा वारंगुळा म्हणतात. इर्जिकेत असा दिवसास दिवस हिशोब नसतो. काम अंगावर आलेला शेतकरी गावाला बोलावतो, अनेक औते एकाच वेळी रानात उतरतात, भलरी गात काम उरकते आणि यजमान सर्वांना जेवू घालतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात केचुआ भाषकांनीही हाच भेद दोन शब्दांनी राखला आहे : समान परतफेडीची 'आयनी' आणि खाण्यापिण्याच्या मोबदल्यावर होणारी 'मिंका'. फिनलंडचे 'ताल्कोत' इर्जिकेच्या जवळचे आहे.

अनुवादाला दाद न देणाऱ्या शब्दांच्या हल्लीच्या संग्रहांत अशा शब्दांवर जीवनदृष्टीचा मुलामा चढवला जातो आणि सावडीचा अर्थ 'परस्पर स्नेह' एवढाच उरतो. तो अपुराच नव्हे, तर दिशाभूल करणारा आहे. सावडीत हिशोब होता, फेड चुकवणाऱ्याला पुढच्या हंगामात माणूस मिळणे अवघड होते, आणि ज्याच्याकडे जमीन किंवा बैल नव्हता त्याला या देवघेवीत बरोबरीचे स्थान नव्हते. सुतार, लोहार यांसारख्या बलुतेदारांचा मोबदला तर बलुते म्हणून, म्हणजे सुगीतील धान्याच्या ठरीव वाट्याने, निराळाच चुकता होई. शहाणपण असेलच तर ते या रोखठोकपणात आहे, कारण केवळ सद्भावनेवर आषाढातली लावणी उरकत नाही.

या व्यवस्थेला तडा जाण्याची सुरुवात बरीच जुनी असावी. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाट जोडला गेल्यावर मुंबई मावळाला जवळ आली. १८९० च्या सुमारास तेथे सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात मावळ, मुळशी आणि खेड भागांतील माणसे मोठ्या संख्येने शिरली. कर्ता पुरुष मुंबईत असलेल्या घराला दिवस फेडण्यापेक्षा रोख मजुरी देणे सोयीचे होते, हे उघड आहे. पुढे तळेगाव परिसरातील कारखानदारीने आणि जमिनींच्या वाढत्या भावांनी तेच काम अधिक वेगाने केले. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेल्या इंद्रायणी वाणामुळे मावळच्या भाताला बाजारात नाव मिळाले. पण चिखलणीला पॉवर टिलर आला, त्याचे भाडे रोखीने द्यावे लागते, आणि बैलच उरले नाहीत तिथे औतांची इर्जिकही उरली नाही. सावड त्या मानाने चिवट ठरली, कारण लावणी बहुतांशी अजून हातानेच होते.

म्हणून मावळच्या बोलीचा कोश करू पाहणाऱ्यांनी या शब्दांपुढे नुसता प्रतिशब्द लिहून थांबू नये. कोण कोणाकडे जात असे, बैलाचा दिवस किती माणसांच्या बरोबरीचा धरत आणि फेड राहिली तर काय होई, हेही जुन्या शेतकऱ्यांना विचारून नोंदवून ठेवावे.