बिलाची तारीख कोण ठरवतो? मृगसालापासून २८ दिवसांच्या रिचार्जपर्यंत

१/ पेण किंवा रोहा तालुक्यातील भातशेतकऱ्याच्या घरात आज तीन कालगणना एकाच वेळी नांदतात. जमिनीचे महसुली वर्ष १ ऑगस्टला उघडते, सरकारी तिजोरीचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला, आणि मोबाइलचे रिचार्ज अनेकदा २८ दिवसांनी संपते. तिन्हींच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे: देणे कधी द्यायचे, हे ठरवतो कोण? 🧵

२/ या भागातील भाताचा क्रम ठरलेला आहे. मृगाच्या सुमारास पेरणी, पुढे भर पावसात लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी. धान्य घरात येईपर्यंत शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते. त्यामुळे कराचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची तारीखही.

३/ मध्ययुगीन सत्तांपुढे येथे एक पेच होता. हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे. ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी ११ दिवसांचा फरक पडतो. चांद्र वर्षाने महसूल मागितला, तर सुमारे ३२ पिकांवर ३३ वर्षांचा कर भरावा लागतो. दर न वाढवताही रयतेवर एक बिल जास्तीचे!

४/ दख्खनने यावर काढलेला तोडगा म्हणजे शुहूर सन. त्याचा आरंभ इ.स. १३४४च्या सुमाराचा मानला जातो. वर्षाचा आकडा हिजरीचा घेतला, पण पुढची मोजणी सूर्याने केली. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवे वर्ष सुरू. म्हणूनच त्याला ‘मृगसाल’ असेही म्हणत. आज मृग ७-८ जूनला लागतो.

५/ फरक किती पडला, हे एका उदाहरणावरून कळते. १६७०च्या मे महिन्यात हिजरी १०८१ सुरू झाले, तर शुहूर १०७१. म्हणजे सव्वातीन शतकांत चांद्र गणनेने १० वर्षे अधिक मोजली होती. ती १० वर्षे महसुलाच्या हिशेबात कधी शिरलीच नाहीत, कारण शिरली असती तर त्यांच्या वाट्याचे पीक कोणत्याच शेतात नव्हते.

६/ ही तारीख गावापर्यंत पोहोचे कशी? निजामशाही, आदिलशाही आणि मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहीत. ‘इहिदे सबैन अलफ’ म्हणजे एक, सत्तर, हजार: १०७१. शब्दांतला आकडा खोडून बदलणे अवघड असते. अक्षरओळख नसलेल्या रयतेसाठी चावडी आणि दवंडी होतीच.

७/ वेळेचे भान राज्यकर्त्यांनाही होते. १६७६ साली शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. वसूल रोकडीऐवजी धान्यरूपाने घ्यावा, ते धान्य भाव पाहून विकावे, गरजू रयतेला बैलांसाठी मदत द्यावी आणि ती ऐपतीप्रमाणे सावकाश फेडून घ्यावी, असा त्याचा आशय. बाजारभावाची वाट पाहण्याचे ओझे येथे सरकारने स्वतःच्या शिरावर घेतले.

८/ इंग्रजी अमलात सारा रोखीने द्यायचा झाला. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने हप्ते व त्यांच्या तारखा ठरवण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. भात विकण्याआधी हप्ता आला, तर मार्ग दोनच: सावकाराचे कर्ज, किंवा सगळेच विकत असताना पडत्या भावाने विक्री. गंमत म्हणजे, ‘हप्ता’ हा शब्द मुळात फारसी, अर्थ ‘आठवडा’. काळाचा शब्दच देण्याचा शब्द झाला.

९/ हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हता. ब्रिटनने १७५२ मध्ये नवी दिनदर्शिका स्वीकारताना ११ दिवस गाळले. त्याच बदलाची खूण म्हणून तेथील वैयक्तिक करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते. भारत सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पर्यंत १ मेपासून मोजले जाई. त्यानंतर ते १ एप्रिलपासून मोजले जाऊ लागले.

१०/ रिझर्व्ह बँकेने मात्र १९४० मध्ये जानेवारी-डिसेंबर सोडून जुलै-जून हे हिशेबी वर्ष धरले आणि २०२० पर्यंत ते टिकवले. रोह्यात बालपण घालवलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हा देशाच्या मध्यवर्ती बँकेचे वर्षही पावसाळ्यातच उघडत होते.

११/ आता मोबाइलकडे पाहा. २८ × १३ = ३६४. पगार वर्षातून १२ वेळा, रिचार्ज १३ वेळा. ३२ पिकांवर ३३ कर, तसाच हा हिशेब! जानेवारी २०२२ मध्ये ‘ट्राय’ने आदेश दिला: प्रत्येक कंपनीने किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवावी. २८ दिवसांच्या योजना मात्र बंद झाल्या नाहीत.

१२/ दवंडीचेही नवे रूप आले. ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, कार्डावरून वर्गणी आपोआप कापली जाण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. ती सूचना वाचताना रकमेसोबत चक्राची लांबीही पाहावी. चौदाव्या शतकातल्या दख्खनी कारभाऱ्यांनी दराला हात न लावता फक्त वर्षाची लांबी सुधारली होती; रयतेचे एक जास्तीचे बिल तेवढ्यानेच वाचले.