घाट, लाँच आणि शिवसागर : साताऱ्याची सायकल-परिक्रमा

सायकलवरून रस्ता संपेपर्यंत जायचे, सायकल बोटीत चढवायची, पलीकडच्या काठावर उतरून पुन्हा पायडल मारायचे, अशा भटकंतीला जगभर चाहते आहेत. फिनलंडमध्ये तुर्कू शहराजवळच्या द्वीपसमूहातून सुमारे २५० किलोमीटरचा असा वर्तुळमार्ग आहे. तेथील पिवळ्या फेरीबोटी सार्वजनिक रस्त्याचाच भाग मानल्या जातात आणि सायकलस्वाराकडून त्यांचे भाडे घेतले जात नाही. महाराष्ट्रात समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत, या प्रवासाचा प्रत्यय देणारा एक मार्ग आहे. सातारा, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, मेढा आणि पुन्हा सातारा, अशी ही सुमारे १२० किलोमीटरची परिक्रमा. तिच्या मधोमध पसरला आहे कोयनेचा शिवसागर जलाशय.

डोंगरांची बेटे कशी झाली?

कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावून दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या वळणाजवळ देशमुखवाडी येथे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी अडू लागले. पाणी नदीच्या पात्रातच थांबले नाही. सोळशी आणि कांदाटी या उपनद्यांच्या खोऱ्यांतही ते शिरले. परिणामी सुमारे ५० किलोमीटर लांबीचा, अनेक फाटे फुटलेला जलाशय तयार झाला. खोऱ्यांमधल्या डोंगरसोंडा पाण्यात उतरलेल्या भूशिरांसारख्या दिसू लागल्या. पावसाळ्यानंतर पातळी भरात असते तेव्हा काही टेकड्यांचे माथे तर बेटांसारखेच भासतात.

या दृश्याची किंमत खोऱ्यातील गावांनी मोजली. नदीकाठची भातशेती, घरे आणि देवळे पाण्याखाली गेली. कित्येक कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत विखुरली. जी मागे राहिली ती डोंगरउतारावर वर सरकली. त्यांचे जुने रस्ते, पायवाटा आणि नदीचे उतार बुडाले. एका हाकेच्या अंतरावरचे गाव पाण्यापलीकडचे झाले. तेव्हापासून लाँच हाच येथला रस्ता. सातारा जिल्हा परिषदेने या जलाशयात लाँच आणि वाहने नेणारे तराफे चालविले ते याच गरजेपोटी. पर्यटकांच्या बोटी पुष्कळ नंतर आल्या.

पहिला टप्पा : सातारा ते बामणोली

सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. शहर सोडताच यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि सुमारे २५ किलोमीटरमध्ये रस्ता कासच्या पठारावर, १२०० मीटरच्या आसपास पोहोचतो. चढ सलग असला तरी फार उभा नाही. पहाटे निघाल्यास ऊन तापण्यापूर्वी पठार गाठता येते. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत येथे फुलांचा हंगाम असतो. मात्र त्या दिवसांत, विशेषतः शनिवार-रविवारी, मोटारींची एवढी गर्दी होते की सायकलस्वाराने आठवड्याचा मधला दिवस निवडणे शहाणपणाचे.

पठारानंतर सातारा शहराला पाणी पुरविणारा कास तलाव लागतो आणि त्यापुढे बामणोलीपर्यंतची उतरण. सुमारे ५०० मीटरची ही उतरण वळणावळणाची आहे. ब्रेक सतत दाबून न ठेवता, वळणाआधी वेग कमी करून सोडून द्यावेत.

दुसरा टप्पा : पाण्यावरून तापोळा

बामणोलीला रस्ता पाण्याशी थांबतो. येथून लाँचने तापोळ्याला जाता येते. पर्यटकांसाठीच्या बोटींचे भाडे सहसा संपूर्ण बोटीचे असते, त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून जाणे परवडते. सायकल नेणार असल्याचे चालकाला आधीच सांगावे. सायकल आडवी ठेवताना गिअरची बाजू वर असावी, ती दोरीने बांधावी आणि माणसांची चढ-उतार अडेल अशी कधीही ठेवू नये.

लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाऊल टाकू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे बचावकार्यातील बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. पाणी शांत दिसले तरी बोटीत किती माणसे बसली आहेत, हे मोजण्याचा आणि गर्दी असल्यास उतरण्याचा अधिकार प्रत्येक प्रवाशाला आहे. दुपारनंतर वारा वाढतो आणि अंधार पडल्यावर जलप्रवास टाळायचा असतो, म्हणून दुपारच्या आत बामणोली गाठावी.

प्रवासात पश्चिमेला दाट जंगल सोबत करते. ते कोयना अभयारण्य, १९८५ मध्ये जाहीर झालेले आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वासोटा किल्ल्याची वाट याच जंगलातून जाते. त्यासाठी वन विभागाची परवानगी लागते, मुक्कामाला बंदी आहे आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. सायकल अर्थातच काठावरच ठेवावी लागते.

तिसरा टप्पा : महाबळेश्वरमार्गे परत

तापोळ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरकडे निघावे. पाण्याच्या पातळीपासून सुमारे ७०० मीटर चढायचे आहेत आणि अंतर साधारण २५ ते २८ किलोमीटर. संपूर्ण परिक्रमेतला हा सर्वांत कष्टाचा भाग. पुढे केळघर घाट उतरून मेढामार्गे सातारा गाठता येते. सोबत दोन जादा ट्यूब, पंप, पुरेसे पाणी आणि रोख रक्कम असावी. खोऱ्यात मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी मिळत नाही.

ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात जलाशय झपाट्याने ओसरतो. कोयनेचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे वीजनिर्मितीसाठी जाते आणि उरलेले पूर्वेला नदीत सोडले जाते. पाणी मागे हटले की धक्क्यापासून बोटीपर्यंत चिखल तुडवीत जावे लागते.

पाण्यामागे सांगलीपर्यंत

ज्यांच्याजवळ आणखी दोन दिवस आहेत त्यांनी याच पाण्याच्या मागे जावे. कोयनानगरहून पाटणमार्गे कराड आणि तेथून कृष्णाकाठाने सांगली. हा भाग बव्हंशी उताराचा किंवा सपाट आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना याच नदीवर उभ्या आहेत. शिवसागरात जे बुडाले त्यावर सांगलीचे मळे पिकतात, हे सायकलच्या वेगाने जाताना नीट उमगते. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे. येथून पलीकडच्या कोथळीला लोक होडीने जात. आता तेथे पूल झाला आहे.

पूल आणि लाँच

शिवसागरावरही पुलांचे दिवस येत आहेत. तापोळा आणि आहीर यांना जोडणाऱ्या केबल-स्टे पुलाचे काम हाती घेण्यात आले. ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पामुळे या खोऱ्यांत पर्यटनाचा ओघ वाढणार, हेही उघड आहे. लाँचने हिंडण्यातली गोडी आवडणाऱ्या शहरी पाहुण्याला पूल नकोसा वाटणे स्वाभाविक आहे. पण जानेवारी २०२२ मध्ये खिरखंडी गावच्या मुली स्वतः होडी वल्हवीत जलाशय ओलांडून आणि पुढे जंगल तुडवून शाळेला जातात, या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. रात्री-अपरात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचे असेल तर लाँचच्या वेळापत्रकावर प्राण टांगणीला लागतात. त्या माणसांसाठी पूल साठ वर्षे उशिरा येतो आहे.

तोवर, आणि त्यानंतरही, पाहुण्याने काही पथ्ये पाळावीत. जिल्हा परिषदेच्या लाँचमध्ये किंवा तराफ्यावर जागा अपुरी असेल तर आधी गावकरी आणि त्यांचे सामान. सायकल पुढच्या फेरीला. मुक्काम आणि जेवण स्थानिकांच्या घरी करावे, कारण येथले तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी कामासाठी जात आले आहेत आणि गावात राहून मिळणाऱ्या चार पैशांचे मोल येथे मोठे आहे. प्लास्टिकचा एकही तुकडा पाण्यात टाकू नये. बामणोलीच्या धक्क्यावर ज्यांच्या शेजारी आपण बोटीची वाट पाहत उभे असतो, त्यांच्यासाठी ही सफर नसून घरी जाण्याची वाट आहे.